बॉनेट दुमडलं तरी एअरबॅग उघडली नाही, असं कसं?

प्रश्न : सिन्नरजवळ पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्या मागच्या बाजूखाली घुसली. स्पीड तीसच्या आसपास असेल. बॉनेट दुमडलं, रेडिएटर गेला पण एअरबॅग एकही उघडली नाही. आम्हाला दोघांनाही लागलं नाही, बेल्ट होते. आता गाडी रिपेअर होऊन आलीये पण एअरबॅगचा लाल दिवा सतत चालू असतो. गॅरेजवाले म्हणतात, चालवा बिनधास्त. एअरबॅग आधीपासूनच खराब होती का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दिव्याचं बोलतो कारण ते जास्त गंभीर आहे. चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो, तेवढ्यात एअरबॅगचं कंट्रोल युनिट सगळं सर्किट तपासून घेतं. विझला नाही म्हणजे कुठेतरी फॉल्ट सापडलाय, आणि बऱ्याच गाड्यांत अशा वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री राहत नाही. त्यामुळे बिनधास्त वगैरे अजिबात नको.

आता त्या दिवशी का उघडली नाही. गाडी किती चेपली हे सिस्टीम बघतच नाही, गाडीचा वेग किती झटकन कमी होतोय हे बघते. गिअर लिव्हरच्या खाली, कन्सोलमध्ये, कंट्रोल युनिट असतं, त्यात हा झटका मोजणारी बारीकशी चिप असते, आणि बहुतेक गाड्यांत पुढे रेडिएटरच्या पॅनलवर एक-दोन सेन्सर वेगळे लावलेले असतात. दोन्हीकडून जोरदार झटक्याचा सिग्नल आला तरच युनिट करंट सोडतं, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात एअरबॅग फुटली असती. साधारण २०-२५ किमी स्पीडने भक्कम भिंतीवर आदळावं एवढा झटका लागतो. तुमची गाडी टेम्पोखाली घुसली, म्हणजे मार मजबूत चासीला न बसता वरच्या पत्र्याला बसला, पत्रा दुमडत गेला आणि वेग त्या मानाने हळू उतरला. बेल्टने काम भागलं. त्यामुळे एवढ्यावरून एअरबॅग आधीच खराब होती असं म्हणता येत नाही.

जेव्हा उघडते तेव्हा मात्र सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय, मग जेमतेम दोन ओहमच्या एका बारीक तारेतून करंट जातो, ती तापते, तिच्याजवळची फटाक्यासारखी स्फोटक दारू पेटते आणि पुढच्या ३०-४० मिलिसेकंदांत गॅसने पिशवी भरते. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये तेवढा चार्ज साठवलेला असतो. म्हणूनच बॅटरी काढल्या काढल्या कोणी एअरबॅगच्या वायरींच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा नाही, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचंच. आणि त्या तारेवर मल्टिमीटर (करंट-ओहम मोजायचा मीटर) कधीच लावू नये, मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय त्या पुढच्या सेन्सरवर आहे. रेडिएटरचं पॅनल काढलं म्हणजे सेन्सर काढलाच असणार, परत लावताना कनेक्टर नीट बसला नसेल किंवा वायर चेंगरली असेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन स्कॅनरवर एअरबॅगचा फॉल्ट कोड वाचून घ्या, कोड नुसता डिलीट करून देतो म्हणाले तर ऐकू नका. अजून एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, दिवा विझला तरी तो सेन्सर ज्या पट्टीवर बसवलाय ती सरळ आहे की ठोकून कशीतरी बसवलीये हे युनिटला कळत नाही, ते समोर उभं राहून डोळ्यांनीच बघावं लागतं. सेन्सर योग्य दिशेला आणि नीट घट्ट बसलेला नसेल तर धडकेच्या वेळी तो चुकीचं मोजणार.

आणि आता पुढे लोखंडी बुलगार्ड लावायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. धडकेचा जोर त्यातून सेन्सरपर्यंत वेगळ्याच पद्धतीने पोचतो आणि एअरबॅगचं टायमिंग चुकू शकतं.