स्वस्त सिनेकॅमेरा कितीला पडतो?

कॅमेरा विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा, असे मत या सदरात गेल्या अंकात मी ओघात मांडले होते. त्यावर एकट्या मराठवाड्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. जागेअभावी पत्रे थोडी कापली आहेत.

प्रश्न : मी आठ वर्षे लग्नांचे चित्रीकरण करतो. आता आमच्याच गावात ऐंशी मिनिटांचा चित्रपट करायचा आहे. गाठीला तीन लाख रुपये आहेत आणि त्यातले दोन कॅमेऱ्यात घालायची तयारी आहे. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट फोर के आणि सोनीचा एफएक्स थर्टी या दोहोंत मन अडकले आहे. पुण्यात शिकून आलेला मित्र म्हणतो, पॉकेट हाच खरा सिनेमाचा कॅमेरा. दुसरा काय, लग्नाचाच. माझ्या सगळ्या लेन्स सोनीच्या आहेत. काय करावे?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पॉकेट फोर के २०१८ मध्ये १,२९५ डॉलरला बाजारात आला, तेव्हा एवढ्या पैशांत कॅमेऱ्यातल्या कार्डावरच १२ बिटचे रॉ (म्हणजे रंग पक्के न केलेले, कच्चे) चित्रीकरण मिळणे ही मोठी गोष्ट होती. त्याआधी अकरा वर्षे, २००७ मध्ये, रेड वनची नुसती बॉडी १७,५०० डॉलरची होती आणि तीसुद्धा त्या काळात लोकांना स्वस्त वाटली होती. तेव्हा पॉकेटविषयी सिनेमाच्या मुलांना जिव्हाळा वाटतो तो उगाच नाही. त्याच्या मेनूत शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा काळ) थेट अंशांत लावता येते, आणि डाविंची रिझॉल्व्ह या ज्या सॉफ्टवेअरवर पुढे रंगसंस्कार करायचे त्याची पूर्ण आवृत्ती कॅमेऱ्याबरोबरच मिळते.

परंतु बिटांचा हिशेब नीट पाहावा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १,०२४ आणि १२ बिटमध्ये ४,०९६. कडब्याच्या गंजीमागे मावळतीचे आकाश टिपले आणि पुढे रंग ताणले, तर ८ बिटच्या चित्रात त्या आकाशाला पट्टे पडतात. गंजी सुरेख दिसते आणि आकाश पत्र्यासारखे. १० बिटला हा दोष सहसा दिसत नाही, आणि एफएक्स थर्टी १० बिट टिपू शकतो. म्हणजे ८ वरून १० वर जाताना जे पदरात पडते, ते १० वरून १२ वर जाताना तितकेसे पडत नाही. रॉचा खरा फायदा निराळा आहे. माजघरात पिवळा बल्ब आणि ओसरीत पांढरी एलईडी ट्यूब, अशा खिचडी उजेडात चुकलेला व्हाइट बॅलन्स मागाहून फारशी हानी न होता सुधारता येतो. लग्नाच्या मांडवात आठ वर्षे काढलेल्या माणसाला ते जागच्या जागी सांभाळता येते, असे मी धरून चालतो.

आता बॉडीच्या बाहेरचा खर्च. सोनीच्या ई माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खोबण) लेन्स पॉकेटच्या मायक्रो फोर थर्ड्स माउंटवर बसत नाहीत, त्यामुळे पॉकेट घेतला की आपल्या लेन्सची पिशवी कपाटात जाईल आणि नवा संच घ्यावा लागेल. पॉकेटला चालत्या माणसाचा पाठलाग करणारा ऑटोफोकस नाही. म्हणजे फोकस ओढणारा एक माणूस चित्रीकरणाचे वीस दिवस सोबत हवा, त्याचे मानधन आणि जेवण धरा. सेन्सरला स्थिरीकरण नाही. म्हणजे रिग (कॅमेरा पेलणारा सांगाडा) किंवा गिम्बल (हादरे शोषणारी दांडी) आले. आतली एलपी-ई६ बॅटरी तासभरही धड चालत नाही. म्हणजे बाहेरून व्ही माउंट ही मोठी बॅटरी लावावी लागते, आणि मग हातात मावणारा कॅमेरा बघता बघता पाणी शेंदायच्या रहाटाएवढा होतो.

सर्वांत जास्त फसगत डेटात होते, कारण तो खर्च दुकानात दिसत नाही. ब्लॅकमॅजिक रॉ ८:१ या दाबाने (म्हणजे डेटा आठपट आवळून), फोर केमध्ये (म्हणजे सुमारे चार हजार बिंदू रुंद चित्रात), सेकंदाला २५ फ्रेमनी चालवला, तर तासाला साधारण १५० जीबी भरतात. ऐंशी मिनिटांच्या चित्रपटासाठी आठपट चित्रीकरण होईल असे समजू; म्हणजे अकरा तासांच्या आतबाहेर. त्याचे झाले १.६ टीबी, आणि शहाण्या माणसाने दोन प्रती ठेवायच्या म्हणजे ३.२ टीबी. एफएक्स थर्टीवर १४० मेगाबिटच्या १० बिट नोंदीला तासाला ६०-६५ जीबी पुरतात, म्हणजे दोन्ही प्रती मिळून दीड टीबीच्या आत काम उरकते. शिवाय पॉकेटला यूएसबीने एसएसडी जोडून चित्रीकरण करणाऱ्यांनी ती तार कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला घट्ट बांधून ठेवावी. ऐन संवादात कुणाचा तरी सदरा तिच्यात अडकतो, तार अर्धा मिलिमीटर निसटते आणि टेक गेला हे कळायला चहाची वेळ यावी लागते. हे मी पाहिलेले आहे.

म्हणून माझा कौल एफएक्स थर्टीला. पॉकेटचे रंग मला स्वतःला अधिक आवडतात, हे कबूल करूनही. आपल्याकडे फोकसचा जाणता माणूस, निराळ्या लेन्स आणि डेटा सांभाळणारा एक सहायक असता, तर उत्तर उलटे दिले असते.

मात्र त्याहून आधी एक गोष्ट तपासा. आपल्याकडे लग्नाच्या कामाचा जो कॅमेरा आज आहे, तो १० बिट टिपतो का? टिपत असेल तर नवा कॅमेरा घेऊच नका. ते दोन लाख दोन ठिकाणी लावा.

पहिले ठिकाण आवाज. एक बरी बूम (दांडीवरचा माइक), दोन कॉलर माइक, वेगळा रेकॉर्डर आणि तो वापरणारा माणूस. आपल्या गावात विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, भोंग्यावरचे भजन आणि फटफटी यांतून संवाद वाचवायचा आहे, आणि वाया गेलेला संवाद कुठल्याही बिटने परत येत नाही. डबिंग करू असे म्हणणाऱ्यांनी एकदा लातुरी बोलीतला हेल बंद खोलीत पुन्हा आणून पाहावा.

दुसरे ठिकाण एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची, उजेड अडवणारी काळपट काच. वैशाखातल्या स्वच्छ दुपारी, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० वर, शटर १/५० ठेवून आणि लेन्सचे छिद्र एफ ४ वर ठेवून चित्रीकरण करायचे, तर सुमारे ८ स्टॉप उजेड अडवावा लागतो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. या दोन्ही कॅमेऱ्यांत आत बसवलेला एनडी नाही. तो न लावता शटरचा वेग वाढवून काम भागवले, की बैलांच्या पायांची हालचाल तुटक, झटक्यांसारखी दिसते, आणि प्रेक्षकाला कारण कळले नाही तरी चित्र लग्नाच्या कॅसेटीसारखे वाटू लागते. फिरवून कमीजास्त होणारा स्वस्त व्हेरिएबल एनडी टोकाला नेला, तर चित्रावर काळपट फुली उमटते. त्यापेक्षा ३, ६ आणि ९ स्टॉपचे स्थिर फिल्टर बरे.

जाता जाता : आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. २४ फ्रेमनी चित्रीकरण करताना शटर १८० अंशांवर ठेवले, तर ट्यूबलाइटचा उजेड थरथरण्याचा धोका असतो. ते १७२.८ अंशांवर, म्हणजेच १/५० सेकंदावर ठेवावे.

प्रश्न : भाड्याने आणा, हा आपला सल्ला मुंबई-पुण्याच्या लोकांना ठीक आहे. आम्ही बीडहून पुण्याला जायचे, अनामत भरायची, प्रवासाचे दोन दिवसही भाड्यात मोजायचे, आणि पाऊस आला की मीटर चालूच. स्वतःचा कॅमेरा असला, तर आम्ही दोन वर्षे रमतगमत चित्रपट करू. गरिबाकडे पैसा नसतो, वेळ असतो. तो आपल्या हिशेबात दिसत नाही.
— नाट्यशास्त्राचा एक विद्यार्थी, बीड

उत्तर : आपला आक्षेप मान्य आहे आणि गेल्या अंकातले माझे विधान घाईचे होते. ज्वारीची पेरणी, हुरडा आणि कापणी असे तीन टप्पे एकाच चित्रपटात हवे असतील, तर भाड्याचा कॅमेरा शेताच्या वेळापत्रकाने चालणार नाही. तिथे मालकीचाच हवा, मग तो जुना का असेना.

तरीही भाडे म्हटले की पुणेच का डोळ्यांपुढे यावे? आज मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावीसुद्धा लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांकडे चांगले फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) कॅमेरे असतात. हॉलीवूडचा एक मोठा चित्रपट २०२३ मध्ये सोनीच्या ज्या एफएक्स थ्रीवर चित्रित होऊन आला, तो कॅमेरा आपल्याकडे वरातीपुढे नाचणाऱ्यांचे चित्रीकरण करत हिंडतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात मुहूर्त नसतात, हे कॅमेरे कपाटात पडून असतात आणि मालकाच्या डोक्यावर हप्ते चालू असतात. त्या चार महिन्यांसाठी रोजाचे नव्हे, महिन्याचे बोलणे करावे. जमल्यास त्या मालकालाच छायालेखक म्हणून सोबत घ्यावे. त्याला श्रेयनामावलीत नाव हवे असते आणि आपल्याला त्याचा सरावलेला हात. श्रावणातला ढगाळ उजेड सावळ्या चेहऱ्यांवर जितका देखणा पडतो, तितका मेमधला कधीच पडत नाही. गैरसोय एकच : पत्र्याच्या घरावर सर आली की आवाजाचे काम थांबवावे लागते.

व्यवहार ओळखीतला असला तरी कागदावर लिहून घ्यावा. माझ्या एका लघुपटाच्या वेळी कॅमेरा परत करताना लेन्सवर ओरखडा निघाला. तो आधीचा की नंतरचा, यावरून निम्मी अनामत गेली आणि एक चांगला मित्रही. आता ताब्यात घेताना लेन्सची पुढची आणि मागची काच, सेन्सर आणि बॅटऱ्या यांचे फोनवर तारखेसह चित्रण करून ते तिथेच मालकाला पाठवतो.

प्रश्न : आमच्याकडील एका चित्रपटगृहाच्या चालकांनी सांगितले की आता आठ केचा जमाना आहे, साध्या फोर केचे चित्र पडद्यावर फाटते. मी निवृत्त शिक्षक असून मुलाच्या चित्रपटात भविष्य निर्वाह निधीतील रक्कम घालत आहे. कृपया सविस्तर सांगावे.
— एक पालक, परभणी

उत्तर : रक्कम थांबवा. आपल्याकडील बहुतांश चित्रपटगृहांचे प्रोजेक्टर दोन केचे आहेत. त्यांना जी डीसीपी (चित्रपटगृहासाठीची डिजिटल) प्रत लागते, तिची चौकट फ्लॅट प्रकारात १९९८ गुणिले १०८० आणि स्कोप या अधिक रुंद प्रकारात २०४८ गुणिले ८५८ बिंदूंची असते. घरातल्या साध्या फुल एचडी टीव्हीची रुंदी १९२०. म्हणजे फ्लॅट प्रत त्याहून अवघे ७८ बिंदू रुंद. फोर केमध्ये टिपलेले चित्र या पडद्याला पुरून उरते. २०१० मध्ये आलेल्या ॲरी ॲलेक्साचा सेन्सर २.८ केच होता आणि त्यावर जगभरचे मोठमोठे चित्रपट झाले.

चित्र फाटलेले दिसण्याची कारणे बहुधा निराळी असतात : अपुऱ्या उजेडात वाढवलेला आयएसओ, किंचित चुकलेला फोकस, किंवा प्रोजेक्टरचा बदलायला झालेला दिवा. शेवटच्याविषयी त्या चालकांनाच विचारता येईल.

ओटीटीचाही प्रश्न आपल्या मनात असेल. नेटफ्लिक्सची मान्य कॅमेऱ्यांची यादी असते आणि ९० टक्के चित्रीकरण त्यांवर व्हावे अशी अट असते; पण ती त्यांनी स्वतः करवून घेतलेल्या कथापटांसाठी आहे. तयार झाल्यावर हक्क विकत घेतलेल्या चित्रपटाला ती लागू होत नाही. मुलगा आठ केसाठीच अडून बसला असेल, तर त्याला संगणकाचा आणि हार्ड डिस्कचा खर्चही कागदावर मांडून दाखवायला सांगा.

प्रश्न : मेमध्ये चित्रीकरण ठरले आहे, नटांना तेव्हाच सुटी आहे. छोटे कॅमेरे उन्हात बंद पडतात असे ऐकतो. खरे आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : खरे आहे. छोट्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा साधारणपणे ० ते ४० अंश सेल्सिअस अशी दिलेली असते आणि मेमध्ये आपल्याकडे सावलीतलाच पारा चाळिशीच्या वर असतो. पॉकेट आणि एफएक्स थर्टी या दोहोंत पंखा आहे, म्हणून ते तग धरतात. बिनपंख्याचे लहान मिररलेस आधी मान टाकतात. मानवतजवळच्या एका शेतात दुपारी दोनच्या सुमारास माझ्या तसल्या कॅमेऱ्यावर थर्मामीटरची खूण झळकली आणि चौथ्या मिनिटाला पडदा काळा झाला. नटी चिखलात बसलेली होती, आणि तो चिखल आम्ही टँकरच्या पाण्याने केला होता.

पांढऱ्या कापडाची मोठी छत्री नटाआधी कॅमेऱ्यावर धरावी. दोन टेकच्या मध्ये कॅमेरा बंद करावा, मागचा पडदा बॉडीपासून उघडून दूर ठेवावा आणि चित्रीकरण चालू असताना तारेने चार्जिंग करू नये, कारण त्याची उष्णता आतच साठते. बर्फाच्या पेटीत मात्र कॅमेरा कधीही घालू नये. बाहेर काढताच लेन्सच्या आत बाष्प धरते आणि तासभर धुके जात नाही. सकाळी सहा ते दहा आणि साडेचारनंतर बाहेरची दृश्ये घ्यावीत, दुपारी घरातली. दहा वाजताचा उजेड तसाही चेहऱ्यावर खड्डे पाडू लागतो, तेव्हा कॅमेऱ्यासाठी थांबल्याचे फार वाईट वाटून घेऊ नका.