‘थंडीत पोरीला घरी आणू का?’ : सिकलसेल समुपदेशनातील एक अनुभव

दिवाळी सरली की आमच्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो आणि तो बहुतेक वेळा आईच्या तोंडून येतो. दोन हिवाळ्यांपूर्वी गोंदिया जिल्ह्यातील एका गावाहून असाच फोन आला. फोन करणाऱ्या बाईंची १९ वर्षांची मुलगी नागपूरच्या एका वसतिगृहात राहून विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. तिला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एसएस प्रकार, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेला, असल्याचे शाळेतल्या तपासणीतच निघाले होते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून तिचे दुखणे दोनदा उठले होते आणि दुसऱ्या वेळी तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर राहावे लागले होते. “मॅडम, थंडी लागली का तिची हाडं ठणकतात. होळीपर्यंत तिले घरी घेऊन येऊ का जी?” एवढेच त्यांना विचारायचे होते. हा अनुभव मुलीच्या संमतीने लिहीत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मात्र बदलले आहेत.

या प्रश्नामागची काळजी निराधार नाही, हे आधी सांगितले पाहिजे. सिकलसेलमध्ये तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन सदोष असते. ऑक्सिजन सोडून दिल्यावर ते पेशीच्या आत घट्ट होते आणि एरवी गोल व लवचीक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक बनते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही मात्र १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि थकवा कायमचा सोबतीला असतो. त्यात गार वारा किंवा गार पाणी अंगाला लागले की ऊब राखण्यासाठी शरीर कातडीकडच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. तिथला प्रवाह मंदावतो, पेशी त्या अरुंद वाटेत जास्त वेळ रेंगाळतात, वाकड्या होतात, एकमेकींत अडकतात, आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे झाले की ज्या कळा उठतात त्यांना आमचे रुग्ण ‘क्रायसिस’ किंवा नुसते ‘दुखणे उठले’ असे म्हणतात. थंडी आणि कळा यांचा संबंध किती घट्ट आहे याबाबत अभ्यासकांचे निष्कर्ष सारखे नाहीत. काहींना नुसत्या गारठ्यापेक्षा वाऱ्याचा संबंध अधिक दिसला. माझा स्वतःचा अनुभव असा आहे की कोरड्या, झाकलेल्या अंगाला थंडी जेवढा त्रास देते, त्याच्या कितीतरी पट त्रास ओल्या अंगाला लागलेला वारा देतो.

मुलगी पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा मी चूक केली. स्वेटर घाल, पायमोजे घाल, पाणी भरपूर पी, गोळ्या चुकवू नकोस, ही यादी मी तिला सांगितली. तिने प्रत्येक वाक्याला “हो मॅडम” म्हटले आणि ती निघून गेली. ही यादी ती वयाच्या आठव्या वर्षापासून ऐकत आली होती, हे मला कळायला हवे होते. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली ती पायांच्या कळा सोसूनच. परिचारिकेने दिलेला चहाचा स्टीलचा पेला तिने दोन्ही तळव्यांत घट्ट धरला होता आणि चहा न पिता त्याची ऊब संपेपर्यंत ती तो तसाच धरून बसली. त्या दिवशी मी काहीही सांगितले नाही. “सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पांघरूण घेईपर्यंत तू काय काय करतेस, ते मला घड्याळ लावून सांग,” एवढेच म्हटले.

तिने सांगितले ते असे. वसतिगृहात सोलरचे गरम पाणी येते, पण साडेपाचच्या पुढे गेले की ते संपते. त्यासाठी पाच वाजता रांग लागते आणि रांगेत उभे राहिले की पाय दुखतात. म्हणून ती रात्रीच बादली भरून ठेवते आणि पहाटे साडेचारला, कोणी उठण्यापूर्वी, त्याच गार पाण्याने आंघोळ उरकते. केस ओलेच असतात. सव्वासहाला ती सायकलने प्रयोगशाळेच्या तासाला निघते. तोंडाला स्कार्फ असतो, पण हातमोजे नसतात, कारण मोजे घालून ब्रेक नीट दाबता येत नाही. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितले आहे, पण तिचे जेमतेम एक लिटर होते. मी कारण विचारल्यावर ती बराच वेळ बोलली नाही आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “संडास व्हरांड्याच्या टोकाला आहे मॅडम. रात्री तिथपर्यंत जाताना फार गारठते. म्हणून संध्याकाळनंतर मी पाणीच पीत नाही.”

थंडीचा खरा फेरा तिथे दिसला. गारठ्याच्या भीतीने ती पाणी टाळत होती, पाणी कमी पडल्यामुळे रक्त आणखी दाट होत होते आणि सगळा दोष मात्र थंडीला जात होता. थंडीत तहान मुळातच कमी लागते आणि लघवीला जास्त होते, त्यामुळे पाण्याची ही तूट लक्षातही येत नाही. सिकलसेल असलेल्या माणसाची मूत्रपिंडे लघवी नीट दाट करू शकत नाहीत, म्हणजे त्याच्या शरीरातून पाणी इतरांपेक्षा जास्तच जाते. स्वेटरवर स्वेटर चढवून ही तूट भरून निघणारी नव्हती.

“मग गरम पाणी मागत का नाहीस?” या प्रश्नाचे उत्तर मला सर्वात महत्त्वाचे वाटते. पहिल्या वर्षी तिने मागितले होते. तेव्हा “सगळ्याच मुली गार पाण्याने करतात, तुलाच काय झाले?” असे तिला ऐकावे लागले. बाहेरून ती धडधाकट दिसते. डोळ्यांत थोडी पिवळसर झाक आहे, ती सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. घरीही वडील पूर्वी म्हणत, “शाळा बुडवायचं निमित्त आहे.” आजार सांगितला तर ‘हिचे लागते का आपल्याला?’ असे मुली विचारतील आणि पुढे लग्नाच्या वेळी ही गोष्ट गावभर होईल, अशी दुसरीही भीती होती. सिकलसेल आईवडिलांकडून जनुकांतून येतो, तो एकमेकांपासून लागत नाही. तिला हे पक्के ठाऊक होते, पण ते दुसऱ्याला समजावून सांगण्याचे बळ तिच्यापाशी उरले नव्हते. थंडी सोसणे तिला जमत होते, पण थंडी वाजते हे सिद्ध करत बसणे तिला नकोसे झाले होते. या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की दीर्घ आजाराच्या माणसाला ऊब मागताना शरम वाटू लागली, की त्याच्या औषधाचा निम्मा उपयोग तिथेच वाया जातो.

पुढच्या तीन भेटी आम्ही याच एका गोष्टीवर घालवल्या. कोणाला सांगायचे आणि किती सांगायचे हे तिने ठरवावे, मी नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले. तिने दोनच नावे काढली : गृहपाल मॅडम आणि खोलीतली एक मैत्रीण. मग माझ्यासमोर बसून तिने गृहपालांशी बोलायची वाक्ये तयार केली. पहिल्या मसुद्यात “माफ करा” तीनदा होते. शेवटच्या मसुद्यात ते एकदाही नव्हते : “मला सिकलसेल आहे. गार पाण्याने आंघोळ केली तर मला दवाखान्यात दाखल व्हावे लागू शकते. मला रोज एक बादली कोमट पाणी राखून हवे आहे आणि संडासाजवळची खोली हवी आहे.” सोबत डॉक्टरांची चिठ्ठी दिली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यात सिकलसेलही आहे, हे मी तिला मुद्दाम सांगितले. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर किती टक्के लागतात हा तपासणीचा भाग आहे, पण आपण लाड करून घेत नाही, गरज सांगत आहोत, हे मनाशी पक्के करायला त्या एका वाक्याचा तिला फार उपयोग झाला. गृहपालांनी खोली बदलून द्यायला आठवडा लावला, मात्र बादलीची सोय दुसऱ्याच दिवशी केली.

बाकीचे बदल लहान होते. आंघोळ पहाटेऐवजी दुपारी, तास संपल्यावर आणि उन्हाच्या वेळेला. केस रविवारीच धुवायचे आणि पूर्ण वाळल्याशिवाय बाहेर पडायचे नाही. सकाळी सायकलऐवजी मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून जायचे, म्हणजे हात शालीत राहतात. पाण्याचा मोठा वाटा दुपारी चारपर्यंत संपवायचा, त्यातले दोन पेले कोमट, आणि रात्रीसाठी उशाशी छोटा थर्मास. कळ सुरू झाली की कोमट शेक द्यायचा, तोही पिशवी टॉवेलात गुंडाळून, आणि बर्फ कधीही लावायचा नाही. हे शेवटचे मी पुन्हापुन्हा सांगते. खेळाच्या मैदानावर मुरगळलेल्या पायाला बर्फ लावतात ते पाहून अनेक घरांत सिकलसेलच्या दुखऱ्या सांध्यालाही बर्फ लावला जातो, आणि त्याने रक्तवाहिन्या अजूनच आकसतात. शेकोटीचाही मला फारसा भरवसा नाही, कारण पुढची बाजू भाजते, पाठ गारठलेलीच राहते आणि धूर छातीत जातो.

थंडी म्हणजे फक्त डिसेंबर-जानेवारी नव्हे, हेही तिच्याशी बोलताना निघाले. आदल्या मे महिन्यात, नागपूरच्या भर उन्हाळ्यात, तिला एक क्रायसिस आला होता आणि त्याचे कोडे कोणालाच उलगडले नव्हते. ती मावशीकडे कूलरच्या अगदी झोतासमोर झोपली होती. उन्हातून घामाघूम येऊन ओल्या अंगाने थेट कूलरसमोर बसणे, जुलैत भिजलेले कपडे तसेच अंगावर वाळू देणे, संगणक कक्षात एसीच्या खाली दोन तास बसणे, हे सगळे शरीराच्या लेखी गारठाच आहे.

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही आणखी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिली, ती तिच्या खोलीतल्या मैत्रिणीसाठी. ताप आला, छातीत दुखले, दम लागला, अंगाची एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळले, डोके असह्य दुखले, किंवा नेहमीच्या गोळ्यांनी कळ थांबली नाही, तर शेकत बसायचे नाही, लगेच दवाखाना गाठायचा. थंडीला दोष देण्याची सवय इथे घातक ठरते. ‘गारठ्याने झाले असेल, ऊन पडले की बरे वाटेल’ असे म्हणत फुप्फुसाचा त्रास दोन दिवस अंगावर काढलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीबाबतही असाच एक गैरसमज होता. थंडीपुरती घ्यायची आणि उन्हाळ्यात सोडायची, असे तिच्या घरात चालत आले होते. ही गोळी कळ उठल्यावर घ्यायची नसते. ती रोज घेत राहिल्याने शरीरात गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी वाकड्या होण्याचे प्रमाण कमी होते, पण त्याला काही महिने लागतात आणि मधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. डॉक्टरांनी ती पुन्हा नियमित सुरू केली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आणि अनेकांच्या हाती तपासणीचा निकाल सांगणारी कार्डे आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एसएस निघालेल्या मुलीने डिसेंबरात आंघोळ केव्हा करायची, हे त्या कार्डाबरोबर कोणीतरी बसून बोलले पाहिजे.

आता आईच्या प्रश्नाकडे. मी तो मुलीलाच विचारला. ती चटकन म्हणाली, “घरी तर न्हाणी उघड्यावर आहे मॅडम, आणि थंडी इथल्यापेक्षा जास्त.” गोंदियाचा पारा हिवाळ्यात नागपूरपेक्षा खाली असणे नवीन नाही. परीक्षा बुडाली असती, मैत्रीण सुटली असती, दवाखाना तीस किलोमीटरवर गेला असता, आणि थंडी तेवढीच राहिली असती. मी आईला फोनवर हे सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आम्हा दोघांच्याच रक्तात होतं ना जी, म्हणून जीव राहत नाही.” दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले (एएस), असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि त्यांच्या लग्नाच्या वेळी गावात कोणाची तपासणीच होत नव्हती, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले आणि त्यानंतरही दोनदा सांगावे लागले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुलगी वही घेऊन आली. जानेवारीत एकदा दुखणे उठले होते, ते दोन दिवसांत गोळ्यांवर आणि पाण्यावर निभावले. नाताळच्या सुट्टीत ती चार दिवस घरी जाऊन आली होती. वडिलांनी न्हाणीला उत्तरेच्या बाजूने बांबूचे तट्टे बांधले होते आणि वर जुने ताडपत्रीचे छत घातले होते. वहीत मार्चच्या पानावर मात्र तीन वेळा ‘उजवा खुबा’ लिहिलेले होते. मी काही विचारण्यापूर्वीच ती म्हणाली, “हे थंडीचं नाही मॅडम. ऊन असतानाही चालताना दुखते.” सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते झिजू शकते, म्हणून त्याच दिवशी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी पाठवले.