कास्ट आयर्न बुलेट ३५० ला २८ चा कार्बोरेटर बसवावा का?

२८ नको, ३० तर मुळीच नको (हे आकडे म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये). तुम्ही लिहिलंय त्यानुसार इंजिन ३४६ सीसीचं, कॅम (झडपा उघडणारा भाग) कंपनीचाच, पोर्ट (हेडमधले हवा-धुराचे मार्ग) फक्त साफ केलेत, सायलेन्सर मोकळा आणि वापर कोल्हापूर शहरात, सुट्टीला गगनबावडा. याला मूळचा २४ चा मिक्कार्ब कार्बोरेटर पुरतो. हौसच असेल तर २६.

हिशेब सोपा आहे. इंजिनचे लिटर गुणिले आरपीएम, त्याचं वर्गमूळ काढा आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी ०.६५ नं गुणा. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. ०.३४६ गुणिले ४५०० म्हणजे १५५७, वर्गमूळ ३९.५, उत्तर २५.६. रेसच्या इंजिनला ०.९ पर्यंत धरतात. आरपीएम मात्र तुम्ही खरोखर फिरवता तेवढाच घ्या. ५५०० घातलात की उत्तर २८ च्या वर जातं, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. ९० मिमी स्ट्रोकचं हे इंजिन तिथे रोज कोण नेतंय? अमेरिकन मोटारींचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) फॉर्म्युलाही इथे चालत नाही. तिथे अनेक सिलिंडर मिळून जवळजवळ सलग हवा ओढतात, आपलं एकटं सिलिंडर ठोक्याठोक्यानं ओढतं.

२८ चं तोंड २४ पेक्षा क्षेत्रफळानं ३६ टक्के मोठं असतं. स्लाइड (थ्रॉटलनं वर-खाली होणारी कार्बोरेटरची झडप) हळूहळू उघडलीत तर फरक फार जाणवणार नाही. पण दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत कमी आरपीएमला झटकन पिळलात, की हवेचा वेग पडतो, जेटवरची (ज्या बारीक भोकातून पेट्रोल येतं त्यावरची) ओढ कमी होते आणि पेट्रोलचा नीट फवारा होत नाही. गाडी आधी गुदमरते, मग पळते. उलट २४ कमी पडलाच तर फक्त अगदी वरच्या टोकाला, जिथे तुम्ही क्वचित जाता.

तुमचं खरं दुखणं मला जेटिंगचं, म्हणजे जेटच्या मापांचं वाटतं. मोकळ्या सायलेन्सरमुळे हवा वाढली, जेट तेच राहिले. त्यात पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, याला साधारण १३.५, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आठेक टक्के पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी). कोल्हापूरच्या उंचीमुळे ते दोन-तीन टक्के जाड होतं खरं, पण तेवढ्यानं भरपाई होत नाही. करूळ घाट उतरून कोकणात गेलात की तीही जाते.

सुरुवात मेन जेटपासून (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारा) करा. जेटवर ९० कोरलेलं असेल तर ९५, मग १०० लावून बघा. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर न्या, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. फिकट तपकिरी ठीक, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळी काजळी म्हणजे जास्त. मग इंजिन गरम असताना एअर स्क्रू (आयडलिंगची हवा ठरवणारा): पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर, तिथून सर्वांत चढं आयडलिंग शोधा. स्क्रू जेमतेम अर्धा फेरा बाहेर असताना आयडलिंग जमत असेल तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा हवा. अडीचच्या पुढे जात असेल तर लहान. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल तर स्लाइडला लटकलेल्या सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येऊन पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

एवढं करूनही २६ लावायचाच असेल तर मॅनिफोल्ड (कार्बोरेटर आणि हेड जोडणारी नळी) आतून २६ ला बोअर करून घ्या. उद्यमनगरात लेथवाले करून देतील. २४ च्या मॅनिफोल्डवर मोठा कार्बोरेटर चढवला तर जोडावर पायरी राहते, तिथे प्रवाह विस्कटतो आणि पैसे वाया. फ्लँज (जोडाची सपाट कड) काचेवर ठेवून सपाट आहे का बघा, जास्त आवळून ती वाकलेली असते. वाकडी असेल तर घासून घ्या आणि गॅस्केट नवीन टाका. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील तर जेटला हात लावण्याआधी हाच जोड आणि सायलेन्सरचा हेडजवळचा जोड तपासा.