‘नागपूर मध्ये हवामान’ की ‘नागपुरात’?

प्रश्न : शाळेतून निवृत्त झाले. मराठी पक्की आहे, पण प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतरात माझा उपयोग होईल का? (शिक्षिका, धरमपेठ)

होईल. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो ते. त्यात पडद्यावर दिसणारी वाक्यं कोडमधून आधीच वेगळी काढलेली असतात. तुमच्यासमोर फक्त इंग्रजी वाक्य आणि एक रिकामी चौकट येते. फायरफॉक्स या ब्राउझरचं काम पाँटून या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं, लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरचं तशाच वेबलेटवर. खातं उघडायचं, मराठी निवडायची आणि सुचवायचं. सॉफ्टवेअर मात्र रोजच्या वापरातलंच घ्या. पहिल्या दिवशी दहा वाक्यं पुरे. टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळफलक-मांडणी शिका. त्यात शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. नाहीतर लिहायच्या असतील दऱ्या आणि उमटेल दर्या. तुम्हाला ते खपायचं नाही.

प्रश्न : वाक्यात मध्येच टक्क्याचं चिन्ह आणि रोमन अक्षर होतं. मी ते काढून टाकलं, तर भाषांतर नामंजूर झालं. (विद्यार्थी, प्रतापनगर)

व्हायलाच हवं होतं! सॉफ्टवेअर चालू असताना त्या जागी एखादं नाव किंवा आकडा येऊन बसतो. चिन्ह गेलं की नावही गेलं. वाक्यात ते मागेपुढे हलवता येतं, आणि मराठीत बहुतेकदा हलवावंच लागतं.

खरी गंमत पुढे आहे. समजा हवामानाचं ॲप आहे आणि त्या जागी गावाचं नाव येणार. तुम्ही पुढे ‘मध्ये हवामान’ लिहिलंत, तर पडद्यावर ‘नागपूर मध्ये हवामान’ असं तुटक काहीतरी दिसेल. आपण म्हणतो ‘नागपुरात’. पण ‘पू’चा ‘पु’ करणं त्या बिचाऱ्या चिन्हाला जमत नाही. मग विभक्तीच टाळायची : ‘हवामान : नागपूर’. लिंगाचंही तेच. फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं. काय येणार ते आधी कळत नाही. अशा वेळी ‘हटवण्याचं काम पूर्ण’ लिहून मोकळं व्हावं.

प्रश्न : आमची नागपुरी मराठी चालेल का? (गृहिणी, महाल)

बोलीत कमीपणा काही नाही, पण ‘फाइल उघडून राहिली आहे’ हे कोल्हापूरच्या माणसाला कळायला वेळ लागेल. मला जास्त धास्ती हिंदीची वाटते. 1956पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आपल्या कानांना हिंदी शब्द परका वाटतच नाही. हिंदी भाषांतर समोर ठेवून ‘नेटवर्क यातायात’ लिहाल, आणि मराठी वाचक म्हणेल, नेटवर्कला कसली एवढी दगदग? ‘जतन करा’, ‘शोधा’ हे आपले शब्द आहेत. आणि जिथे सगळं गाव ‘पासवर्ड’ म्हणतं, तिथे ‘पासवर्ड’च लिहा.

प्रश्न : पैसे मिळतात का? (नोकरदार, सदर)

नाही. वर्डप्रेससारख्या (संकेतस्थळं बनवायचं सॉफ्टवेअर) ठिकाणी प्रोफाइलवर बिल्ला मिळतो, एवढंच.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी पाठवलेली चारशे वाक्यं अजून तपासली गेलेली नाहीत. (अभियंता, मनीषनगर)

तपासणाराही स्वयंसेवकच, दिवसभराची नोकरी करून रात्री बसणारा. त्याला चारशे वाक्यांचा ढीग दिसला की तो पान बंद करतो. त्यातून मशीनकडून करून घेतलेलं असेल तर पाचव्या वाक्यालाच ओळखतो. पंचवीस-पंचवीस पाठवा. मराठी गटाला नम्रपणे लिहा आणि कुठल्या शब्दासाठी काय वापरलंत त्याची छोटी यादी जोडा.

तपासणीवर मात्र चिडू नका. सुरुवातीला ‘ओपन’ दिसलं की मी डोळे झाकून ‘उघडा’ लिहीत असे. त्यातलं एक बटणावरचं नव्हतं, तक्रारीची स्थिती सांगणारं होतं. ‘तक्रार : उघडा’! तिथे ‘प्रलंबित’ हवं होतं. माझीही ती सूचना दोन महिने पडून होती, म्हणून तर ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचली नाही.