घरात मूर्ती नाही, तरीही?

प्रश्न : रेव्हरंड साहेब, प्रभूमध्ये सलाम. मुलगा बारावीला आहे, नीटची तयारी करतो. क्लासची चाचणी रविवारी सकाळीच असते, त्यामुळे तो उपासनेला येत नाही. डबा, ने-आण यात आम्हा दोघांचंही येणं सुटलं. स्त्रियांच्या प्रार्थनासभेत एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही अभ्यासाची मूर्ती केलीत." फार लागलं. आमच्या घरात साधी तसबीरही नाही. शिक्षण हे देवाचंच दान ना? – एक भगिनी, नाशिक

उत्तर : भगिनी, सलाम. दान आहेच. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं, शाळा निघाल्या, आणि ज्यांना गावात कुणी जवळ बसू देत नव्हतं त्यांची लेकरं पाटीवर लिहू लागली. आपण त्यांचीच नातवंडं-पतवंडं.

पण बायबलमधला पितळी साप आठवा. मोशेने तो देवाच्या आज्ञेने केला. त्याच्याकडे पाहून सापाने दंश केलेले लोक वाचले. कित्येक पिढ्यांनंतर इस्राएल लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाला तो फोडून टाकावा लागला (2 राजे 18:4). देवानेच दिलेली वस्तू होती ती! प्रेषित पौल तर कलस्सैकरांना लिहिताना लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. मंडळीच्या कमिटीतल्या खुर्चीसाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात, ती खुर्चीही मी यातच धरतो.

रविवार चुकला एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही. नर्सबाईंना रविवारी ड्युटी असतेच. मी वेगळं विचारतो. चाचणीत 720 पैकी 480 आले, त्या संध्याकाळी तुमच्याकडे जेवण कसं होतं? मुलाशी कुणी धड बोलतं का? प्रार्थनेत त्याच्यासाठी सीटखेरीज काही मागता का? नातलगांना मार्क वाढवून सांगता का? ज्याच्यासाठी आपण खोटं बोलू लागतो आणि ज्याच्या धास्तीने झोप उडते, त्याने देवाची जागा घेतलेली असते. शिवाय असले देव लेकरांचाच बळी मागतात. लोक मोलख नावाच्या दैवताला काय वाहत, ते लेवीय 18:21 मध्ये वाचा. कठोर लिहितोय, कारण सतरा-अठरा वर्षांची मुलं माझ्यापुढे येऊन बसतात आणि विचारतात, "नंबर नाही लागला तर घरी कसं जाऊ?"

क्लास सोडवू नका. चाचणी दुसऱ्या वेळी देता येईल का, ते सरांना विचारा. नाहीच जमलं, तर जवळ जिथे सायंउपासना होते तिथे तिघंही जा. सकाळी तुम्ही दोघांपैकी एकाला तरी नक्की येता येईल. रात्री पाच मिनिटं का होईना, शास्त्रपाठ घ्या. त्या वेळी मार्कांचा विषय काढू नका. आणि निकालाची वाट न पाहता, याच आठवड्यात त्याच्या वडिलांनी त्याला स्पष्ट सांगावं, की सीट मिळो न मिळो, या घरातली तुझी जागा तीच राहणार.

त्या बाईंवर राग धरू नका. त्यांना घरी बोलवा आणि मुलासाठी त्यांच्याकडूनच प्रार्थना करून घ्या.