हिस-टॅग प्रोटीनसाठी वापरलेला निकेल कॉलम पुन्हा वापरता येतो का? धुवायचा कसा?

हो, बिनधास्त वापरा. (हिस-टॅग म्हणजे प्रोटीनला जोडलेली हिस्टिडिनची छोटी साखळी; कॉलममधलं निकेल तिला धरून ठेवतं आणि प्रोटीन वेगळं काढता येतं.) फक्त एका प्रोटीनला एक कॉलम ठेवा आणि त्यावर नाव लिहा. आधीच्या प्रोटीनचा अंश पुढच्यात उतरला, तर तो नंतर शोधणं फार जड जातं.

तेच प्रोटीन पुन्हा करायचं असेल तर दरवेळी निकेल काढायची गरज नसते. ५०० मिलिमोलर इमिडाझोलने (निकेलला चिकटलेलं प्रोटीन सोडवणारं रसायन) धुवा, मग भरपूर पाणी, मग २०% इथेनॉल, आणि ४ अंशांवर ठेवा. गोठू मात्र देऊ नका.

रेझिनच्या (कॉलममधले निकेल धरून ठेवणारे मणी) रंगाकडे लक्ष ठेवा. निळसर-हिरवा असेल तर ठीक. पांढरा पडला तर निकेल निघून गेलंय, बहुतेक वेळा बफरमधल्या ईडीटीएमुळे (धातू पकडून घेणारं रसायन). तपकिरी झाला तर डीटीटीसारख्या रिड्यूसिंग एजंटवर (क्षपण करणारं, म्हणजे निकेलला इलेक्ट्रॉन देणारं रसायन) संशय घ्या.

अशा वेळी, किंवा दाब वाढून प्रवाह मंदावला की, पूर्ण सफाई करा. आधी ५० ते १०० मिलिमोलर ईडीटीएने निकेल काढा आणि पाण्याने ईडीटीए पूर्ण घालवा. मग साधारण अर्धा तास सोडियम हायड्रॉक्साइड, त्याची तीव्रता रेझिनच्या माहितीपत्रकातून घ्या. हा क्रम उलटा करू नका, कारण अल्कलीत निकेलचं हायड्रॉक्साइड बनून कॉलममध्येच साचतं. पुन्हा पाणी, मग ०.१ मोलर निकेल सल्फेट, शेवटी पाणी.

इथेनॉल सोडताना प्रवाह निम्मा ठेवा, ते पाण्यात मिसळलं की दाटपणा वाढतो.

आणि कळकळीची विनंती: निकेलचं पाणी सिंकमध्ये ओतू नका. ते विषारी आहे, वेगळ्या बाटलीत साठवा.