भागाकारातलं हरवलेलं शून्य

प्रश्न: मुलगी चौथीत आहे. पाढे पक्के आहेत, तरी ६१८ ÷ ६ चं उत्तर १३ काढते. ‘शून्य विसरू नकोस’ असं रोज सांगतो, फरक नाही. काय करावं? – एक पालक

उत्तर: ती विसरत नाही, त्या शून्याला तिच्या लेखी काही अर्थच नाही. ‘सहा एके सहा, एकला भाग जात नाही, आठ खाली घ्या, सहा त्रिक अठरा’ या घोकण्यात शतक-दशक कुठे दिसतात?

आठवडाभर वही बाजूला ठेवा. खेळातल्या शंभराच्या ६ नोटा, दहाची १ नोट, रुपयाची १८ नाणी आणि ६ वाट्या घ्या. त्यातली १० नाणी मोडीसाठी आपल्याकडे ठेवा. प्रत्येक वाटीत शंभराची एक नोट जाते. दहाची एकच नोट सहांत वाटता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात ०. आता तिची मोड द्या: १० आणि ८, एकूण १८ नाणी, प्रत्येकी ३. वाटीत १०३!

मग कागदावर श, द, ए अशी घरं आखून द्या. भागाकार सुरू झाला, की खाली घेतलेल्या प्रत्येक आकड्यामागे वर एक आकडा हवाच. ५३५ ÷ ५, ८२४ ÷ ८ द्या. ३१८ ÷ ६ मात्र सध्या नको. तिथे शतकाचं घर रिकामं राहतं आणि मूल ०५३ लिहून बसतं.

सोडवण्याआधी ६ × □ = ६१८ असंही विचारा. ६ × १०० = ६००, उरले १८. चौकटीत शंभराहून मोठी संख्या हवी हे कळलं, की १३ तिलाच खटकेल.